झोपडी, खोप, कुटी, पाल : साध्या निवाऱ्याच्या मराठी शब्दांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गवताच्या, कुडाच्या, पाचटाच्या निवाऱ्याला मराठीत एकच एक नाव नाही. झोपडी, खोप, कोपी, कुटी, झाप, पाल, छप्पर, मांगर असे कितीतरी शब्द आहेत आणि प्रत्येकामागे वेगळं सामान, वेगळा मुलूख, वेगळी माणसं आहेत. पुस्तकी मराठीनं हे सगळे शब्द 'झोपडी'च्या एकाच खात्यात जमा केले आणि शहरानं त्या झोपडीला पुढे 'पट्टी' जोडली. या शब्दांचे अर्थ, त्यांची मुळं आणि त्यांना चिकटलेली हेटाळणी याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची ही उत्तरं.

झोपडी म्हणजे नेमकं काय? लहान घर आणि झोपडी यात फरक काय?

फरक आकाराचा नाही, सामानाचा आहे. आसपास मिळेल त्यातून, म्हणजे लाकूड, बांबू, कारवी, गवत, ताडाची किंवा नारळाची पानं, माती यांतून राहणाऱ्यानं स्वतः किंवा भावकीच्या मदतीनं उभं केलेलं घर म्हणजे झोपडी. गवंडी लागला, वीट आणि चुना आला, की तेवढ्याच आकाराच्या घराला कुणी झोपडी म्हणत नाही, खोली म्हणतात.

दुसरी खूण म्हणजे दुरुस्ती. झोपडी दरवर्षी हात मागते. पावसाआधी तिच्यावर नवं गवत चढवावं लागतं, भिंती लिंपाव्या लागतात. त्यामुळे तिला 'कच्चं घर' म्हणण्याची पद्धत पडली. खरं तर नीट निगा राखलेली कुडाची घरं वर्षानुवर्षं टिकतात.

झोपडा, झोपडी, झोपडं : तिन्ही बरोबर आहेत का?

हो. मराठीत एकाच वस्तूची तिन्ही लिंगांतली रूपं आकार आणि भाव सांगायला वापरतात. झोपडी म्हणजे नेहमीची, लहान. झोपडा म्हणजे जरा ऐसपैस. 'झोपडं' म्हटलं की त्यात कणव किंवा तुच्छता येते. 'कुठंतरी झोपडं टाकून राहतोय' हे वाक्य 'झोपडी' घालून म्हणून पाहा, सूर बदलतो. क्रियापदही लक्षात घेण्यासारखं आहे. घर बांधतात, झोपडी घालतात किंवा टाकतात, पाल ठोकतात.

'झोपडी' हा शब्द आला कुठून? संस्कृतमधून का?

नाही. निदान ज्याच्याकडे बोट दाखवावं असा संस्कृत शब्द नाही. हा देशी शब्द आहे. प्राकृत व्याकरणकारांनी शब्दांची जी वर्गवारी केली, तिच्यात संस्कृतमधून जसेच्या तसे आलेले ते तत्सम, बदलून आलेले ते तद्भव आणि ज्यांची संस्कृतशी सांधेजोड होत नाही ते देशी. झ-नं सुरू होणारे शब्द संस्कृतमध्ये मुळात फार थोडे. मराठीत मात्र झाड, झुडूप, झोळी, झडप अशी त्यांची रेलचेल आहे आणि त्यांतले बरेचसे लोकांच्या तोंडचे, मातीतले शब्द आहेत. झोपडी त्याच गोतातली.

तिचा जुना पुरावा मात्र भक्कम आहे. बाराव्या शतकात गुजरातमधल्या अणहिलवाड पाटणला आचार्य हेमचंद्र नावाचे जैन पंडित होऊन गेले. सोळंकी राजा सिद्धराज जयसिंह याच्या आश्रयानं त्यांनी मोठं व्याकरण लिहिलं आणि त्याच्या आठव्या अध्यायात प्राकृत व अपभ्रंश भाषांचे नियम सांगितले. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि आजच्या भाषा यांच्या मधल्या टप्प्यातली बोली. तिची उदाहरणं म्हणून त्यांनी लोकांत चालणारे दोहे दिले. 'कुठून, कसं' या अर्थाचा 'कउ' हा शब्द दाखवायला त्यांनी एक दोहा घेतला आहे. त्यात एक बाई म्हणते, माझा धनी गोठ्यापाशी उभा असताना झुंपडी जळतीलच कशी? तो शत्रूच्या रक्तानं तरी विझवेल, नाहीतर स्वतःच्या.

दोह्यातला शब्द आहे 'झुंपडा'. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी हा शब्द रुळलेला होता. आणि मला त्यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की, या जुन्या नोंदीत झोपडी दैन्याची नाही. ती गुरंढोरं राखणाऱ्या, धाड पडली तर जीव द्यायला उभ्या राहणाऱ्या माणसाची आहे. बोलणारी बाई तिच्याबद्दल अभिमानानं बोलते.

शब्दाच्या शेवटचा 'ड' हा जोड प्रत्यय आहे. अपभ्रंशात असा 'ड' लाडानं किंवा सवयीनं कुठेही लागे. मराठीतले मुखडा, जिवडा, आतडं हे शब्द त्याच घडणीचे. मूळ अंग 'झुंप' किंवा 'झोंप' असं उरतं. राजस्थानीत 'झूंपो', 'झूंपड़ी', गुजरातीत 'झूंपडी', हिंदीत 'झोंपड़ी', पंजाबीत 'झौंपड़ी'. उत्तर आणि पश्चिम भारतभर पसरलेलं हे एकच कुटुंब आहे.

झोपायची जागा म्हणून झोपडी, असं शाळेत ऐकलं होतं. ते खरं का?

ऐकायला गोड आहे, पण टिकत नाही. वर दिलेल्या गुजराती, राजस्थानी, हिंदी, पंजाबी या भाषांत निद्रेला 'झोप' म्हणत नाहीत. गुजरातीत ऊंघ, हिंदीत नींद. 'झोप' हा त्या अर्थानं मराठीचा खास शब्द आहे. झोपेवरून झोपडी झाली असती, तर जिथे झोप हा शब्दच नाही तिथे झोपडी पोचली कशी? शिवाय हेमचंद्रांच्या दोह्यातल्या 'झुंपडा'ला निद्रेचा वासही नाही. दोन शब्द आवाजानं जवळ आले, एवढंच.

जुन्या पुस्तकांत 'झोंपडी' असं छापलेलं दिसतं. ती छपाईची चूक आहे का?

चूक नाही. पूर्वी मराठीत असे अनुस्वार लिहिण्याची रीत होती. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये राज्य शासनानं स्वीकारले आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार गळाले. तेव्हापासून 'झोपडी'. पण 'झुंपडा'मधला 'म्'चा आवाज त्या टिंबात शिल्लक होता, आणि हिंदीच्या 'झोंपड़ी'त तो अजून आहे. आज लिहिताना अनुस्वार देऊ नये.

उच्चाराबद्दलही विचारलं जातं. 'झोपडी'तला झ हा 'झाड'मधला, दातांजवळचा. 'झेंडा'तला तालव्य झ इथे लावला की ते मराठी कानाला लगेच खटकतं.

मग कुटी, कुटीर, पर्णकुटी हे शब्द कुठले?

हे संस्कृत वळणाचे, आणि त्यांचा मान वेगळा. पाणिनीच्या अष्टाध्यायीत 'कुटीर' शब्दासाठी सूत्रच आहे : कुटी, शमी आणि शुंडा या तीन शब्दांना 'र' लागून लहानपणाचा अर्थ येतो. म्हणजे कुटीर ही कुटीहून छोटी. आज आपण 'कुटीर' हा शब्द पर्यटकांसाठी बांधलेल्या चांगल्या ऐसपैस खोल्यांना लावतो, ते मूळ अर्थाच्या उलट आहे. अमरकोशात मुनींच्या निवासाला 'पर्णशाला' आणि 'उटज' असे शब्द दिले आहेत. विद्यार्थी वगैरेंच्या राहण्याच्या जागेला 'मठ' म्हटलं आहे. त्या मठाचा पुढे मराठीत 'मढी' झाला.

कुटी संस्कृतची खरी, पण संस्कृतनं ती दक्षिणेकडून घेतली असावी, असं काही भाषाभ्यासक मानतात. तमिळमध्ये 'कुडि' म्हणजे घर, वस्ती आणि 'कुडिसै' म्हणजे झोपडी. तेलुगूत 'गुडिसे', कन्नडमध्ये 'गुडिसलु'. एवढं साम्य पाहिल्यावर त्या मताला वजन आहे हे मान्य करावं लागतं.

झोपडी आणि कुटी या दोन्हींत माती तीच, गवत तेच. फरक राहणाऱ्याचा. ज्यानं स्वतःहून साधेपण स्वीकारलं त्याची ती कुटी. ज्याला दुसरा इलाज नाही त्याची झोपडी. वर्ध्याजवळ सेगावला गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले. १९४० मध्ये त्या गावाचं नाव सेवाग्राम झालं. तिथलं माती, बांबू आणि कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, घर 'बापू कुटी' म्हणून ओळखलं जातं. तशाच सामानाचं शेजारच्या शेतमजुराचं घर मात्र कागदोपत्री 'कच्चे घर' ठरतं. शब्दांच्या या दुटप्पीपणाकडे आपण क्वचितच लक्ष देतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी 'या झोपडीत माझ्या' या आपल्या कवितेत मुद्दाम 'झोपडी' हाच शब्द वापरला, कुटी नाही, आणि राजाच्या महालापेक्षा तिला वर बसवलं. म्हणून ती कविता विदर्भापासून कोकणापर्यंत लोकांच्या तोंडी बसली.

'कुडीतून प्राण गेला' म्हणतात. ही कुडी आणि कुटी यांचा संबंध आहे का?

आहे असं मानलं जातं. संस्कृतातल्या दोन स्वरांमधल्या 'ट'चा प्राकृतातून येताना 'ड' होतो. घट आणि घडा हे ओळखीचं उदाहरण. त्याच वाटेनं कुटीची कुडी. शरीराला जिवाची तात्पुरती झोपडी समजणारी ही कल्पना संतांच्या काळापासून मराठीत मुरलेली आहे, इतकी की 'कुडी' म्हणताना आज कुणाला घर आठवत नाही.

'कूड' मात्र वेगळा. तो संस्कृत 'कुड्य' म्हणजे भिंत, प्राकृत 'कुड्ड' यावरून आला. उभ्या काठ्या जवळजवळ रोवून, आडव्या कामट्यांनी बांधून, वरून शेणमातीनं लिंपलेली भिंत म्हणजे कूड. सह्याद्रीच्या पट्ट्यात यासाठी कारवीच्या काठ्या वापरतात. सात-आठ वर्षांनी एकदा फुलून सगळा डोंगर जांभळा करणारी ती हीच कारवी. फुलून बी झडलं की झुडपं वाळतात आणि सरळसोट काठ्या हाती येतात. वारल्यांची पांढरी चित्रं ज्या गेरूनं सारवलेल्या भिंतींवर काढलेली असत, त्या मुळात कुडाच्या. कुडाची भिंत पातळ, पलीकडचं बोलणं ऐकू जाणारच. म्हणून म्हण पडली, 'कुडास कान, ठेवी ध्यान'. विटांची घरं आल्यावर आपण भिंतीला कान दिले.

खोप, खोपट, खोपा आणि कोपी यांचं काय नातं?

हे घराणं मला सगळ्यांत जिवंत वाटतं, म्हणून उत्तर जरा लांबेल.

'खोप' म्हणजे शेतातली किंवा रानातली छोटी झोपडी. तिची धाकटी 'खोपी', मोडकीतोडकी ती 'खोपट' किंवा 'खोपटं'. कोकणीत 'खोंप'. सुगरण पक्ष्याचं घरटं म्हणजे 'खोपा'. बायका केसांचा जो गोल अंबाडा घालतात त्यालाही खोपाच म्हणतात. हे सगळे शब्द शेजारी ठेवले की त्यांच्यातला समान आकार दिसतो : गोलसर, आतून पोकळ, विणून किंवा वळून केलेली गोष्ट. खोप चौकोनी असायची गरज नाही, तिला कोपरे नसले तरी चालतात.

आणि आता 'कोपी'. ऊसतोड कामगारांत हा शब्द रोजचा आहे. 'ख'चा 'क' झालेली ही खोपीच दिसते. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून कामगारांच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादम 'माझ्याकडे वीस कोयते आहेत' असं सांगतो. कारखान्याच्या किंवा फडाच्या, म्हणजे तोडणीच्या उसाच्या शेताच्या, जवळ मोकळ्या जागेत ते उतरतात आणि पहिलं काम कोपी घालण्याचं.

कोपी बघण्यासारखी असते. बांबूच्या फाका किंवा लवचिक काठ्या दोन्ही टोकांनी जमिनीत रोवून कमान करायची, अशा कमानी एकामागे एक उभ्या करायच्या, आडव्या काठ्यांनी बांधायच्या. वर तट्टे, त्यावर उसाचं पाचट. हल्ली पाचटाच्या जागी बहुधा ताडपत्री किंवा प्लास्टिकचा कागद असतो. आत ताठ उभं राहता येत नाही. तोंडाशी वाकूनच शिरावं लागतं. पत्र्याची पेटी, धान्याची पोती, अंथरुणं एका कडेला, माणसं दुसऱ्या कडेला. चूल बाहेर, कारण पाचटाला ठिणगी पुरते. पहाटे अंधारात माणसं फडावर जातात तेव्हा कोपीत मागे राहतात ती लहान मुलं आणि म्हातारी माणसं. मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झालं, की कोपी मोडतात आणि जागेवर चुलीच्या काळ्या खुणा उरतात.

बातम्यांत यांनाही 'झोपड्या' लिहितात. पण कोपी म्हटलं की हंगाम, ऊस, उचल (मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम), कोयता हे सगळं त्या शब्दाबरोबर येतं. झोपडी म्हटल्यावर त्यातलं काहीच येत नाही.

झाप, पाल, मांगर, छप्पर हे सगळे झोपडीचेच प्रकार का?

साधारणपणे हो, पण कामं वेगळी.

झाप म्हणजे मुळात झावळ्या विणून केलेला पडदा. कोकणात मांडवाला, पडवीला झाप लावतात. त्यावरून सह्याद्रीच्या काही भागांत डोंगरातल्या झोपडीलाच झाप म्हणतात.

पाल म्हणजे भटक्या जमातींचा कापडी निवारा. काठ्या आणि कापड गाढवावर किंवा डोक्यावर घेऊन निघायचं आणि गावाबाहेर ठोकायचं. पाल हा त्यांच्या ओळखीचाच भाग झाला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या, म्हणजे ब्रिटिश काळातल्या 'गुन्हेगार' शिक्क्यातून सुटलेल्या जमातींच्या, यादीत 'पाल पारधी' असं नावच आहे. 'पालावरचं जगणं' या दोन शब्दांत शाळा, रेशनकार्ड, मतदारयादी या सगळ्यांतून सुटत जाणारं आयुष्य येतं. भिंतीवरच्या पालीशी या पालाचा संबंध नाही. ते 'पाल' नपुंसकलिंगी, ती पाल स्त्रीलिंगी.

मांगर कोकण-गोव्याकडचा : बागेत किंवा शेतात अवजारं, गवत ठेवायला आणि गरज पडली तर राहायला बांधलेली जागा. छप्पर म्हणजे वरचं आच्छादन, आणि देशावर काही ठिकाणी त्याखालचं सगळं घरसुद्धा.

झोपडीच्या भागांना मराठीत काय म्हणतात?

बेचकं असलेल्या खांबाला मेढ. दोन मेढींच्या बेचक्यात आडवं जे मुख्य लाकूड बसतं ते आढं. आढ्यावरून दोन्ही बाजूंना उतरतात ते वासे. उताराच्या एकेका बाजूला पाखं म्हणतात, म्हणून दुपाखी छप्पर. खालची, भिंतीबाहेर आलेली कड म्हणजे वळचण आणि तिच्यावरून गळणाऱ्या पावसाच्या धारा म्हणजे पागोळ्या. पावसाळ्याआधी छपरावरचं गवत किंवा कौलं काढून, झाडून, पुन्हा नीट बसवणं याला शाकारणं म्हणतात. 'आढ्याचं पाणी वळचणीला' आणि 'घर फिरलं की घराचे वासेही फिरतात' या म्हणी ज्यानं कधी वासा खांद्यावर घेतलेला नाही तोही वापरतो. सिमेंटच्या स्लॅबनं यातल्या एकाही शब्दाला पर्याय दिलेला नाही, आणि शाकारणी थांबली त्या घरांत हा शब्दसाठा एका पिढीत गेला.

'चंद्रमौळी झोपडी' म्हणजे काय?

चंद्रमौळी हे शंकराचं नाव, ज्याच्या माथ्यावर चंद्र आहे तो. छप्पर इतकं फाटलं आहे की आत झोपलेल्याला डोक्यावर चंद्र दिसतो, म्हणून ती झोपडीही चंद्रमौळी. गरिबीला देवाचं विशेषण देणारा हा शब्दप्रयोग कुणी पहिल्यांदा केला कोण जाणे, पण करणारा माणूस भाषेत पक्का मुरलेला होता. हल्ली सुंदर, टुमदार या अर्थानं 'चंद्रमौळी' वापरलेलं दिसतं. ते चूक आहे. त्या शब्दात गळकं छप्पर आहे.

'झोपडपट्टी' हा शब्द कसा तयार झाला?

झोपडीचं समासात 'झोपड' झालं आणि पुढे 'पट्टी', म्हणजे लांबट चिंचोळा तुकडा. रुळांच्या कडेला, नाल्याच्या काठानं, रस्त्यालगत जी चिंचोळी जागा मोकळी राहते, तिथे एकाला लागून एक झोपड्या उभ्या राहतात. शब्दात वस्तीचा आकार बरोबर उतरलेला आहे. मुंबईत तो इतका रुजला की हिंदीतही 'झोपड़पट्टी' चालतो. दिल्लीकडे 'झुग्गी' म्हणतात, कोलकात्यात 'बस्ती'.

सरकारी भाषेत आधी 'गलिच्छ वस्ती' हा शब्द होता. गलिच्छ वस्ती निर्मूलन, गलिच्छ वस्ती सुधार अशी खाती आणि योजना होत्या. ज्या माणसांना नळ आणि संडास दिलेला नाही, त्यांच्या पत्त्यातच 'गलिच्छ' लिहायचं, हा शब्द कुणी मंजूर केला असेल याचा आज राग येतो. त्या मानानं 'झोपडपट्टी' बरा, कारण तो निदान घरांचं वर्णन करतो, माणसांचं नाही. अर्थात वापरून वापरून त्यालाही शिवीची धार आली. 'झोपडपट्टीतला आहे' हे वाक्य पत्ता सांगायला क्वचितच उच्चारलं जातं.

पक्क्या विटांच्या, दोन मजली घरालाही 'झोपडी' कसं म्हणतात?

कारण कायदा घर बघत नाही, क्षेत्र बघतो. १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी (सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकास) अधिनियमात चौथ्या कलमाखाली एखादं क्षेत्र झोपडपट्टी म्हणून घोषित होतं. तिथे सोयींचा अभाव, अस्वच्छता, दाटी किंवा राहायला अयोग्य इमारती यांमुळे आरोग्याला, सुरक्षिततेला धोका आहे का, हा निकष असतो. २०११ च्या जनगणनेनंही निदान ३०० लोकसंख्या किंवा ६०-७० कुटुंबांचा दाट, सोयी नसलेला सलग पट्टा अशीच मोजणी धरली. त्या हद्दीत विटांची भिंत, लादी, वर पत्र्याचा पोटमाळा असलं तरी कागदावर ती झोपडी आणि राहणारा 'झोपडीधारक'.

१९७६ मध्ये मुंबईतल्या झोपड्यांची गणना झाली आणि फोटोसकट ओळखपत्रं दिली गेली. 'फोटोपास' हा शब्द तेव्हापासून घराघरांत आहे. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झालं आणि त्याबरोबर 'पात्र', 'अपात्र', 'परिशिष्ट दोन' हे शब्द बोलीत आले. परिशिष्ट दोन म्हणजे पात्र रहिवाशांची यादी. तिच्यात नाव आहे की नाही यावर घर मिळणं ठरतं. अशा वस्त्यांत 'झोपडी' हा शब्द लोक कचेरीत वापरतात. एकमेकांशी बोलताना ते 'घर' किंवा 'खोली' म्हणतात.

'छपरी' ही शिवी कुठून आली? वापरावी का?

मराठीत छपरी म्हणजे घराला किंवा गोठ्याला जोडून काढलेलं, बाजूनं उघडं छोटं छप्पर. समाजमाध्यमांवर तो शब्द भडक कपडे, रंगवलेले केस असलेल्या गरीब घरातल्या पोरांची टर उडवायला वापरला जातो. वापरू नये. जी गोष्ट हसण्यावारी नेली जाते ती म्हणजे त्या मुलाच्या घरावर स्लॅब नसणं. शिवाय छप्परबंद नावाची एक जमात आहे, ब्रिटिश काळात तिच्यावर 'गुन्हेगार जमाती'चा शिक्का बसला होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि आज ही जमात महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. छपराशी जोडलेलं नाव घेऊन जगणाऱ्या माणसांच्या कानावर ही शिवी कशी पडत असेल, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

इतर देशांतही वस्तीचा शब्द असाच बदनाम झाला का?

ब्राझीलचा 'फावेला' हे चांगलं उदाहरण आहे. फावेला हे मुळात ईशान्य ब्राझीलमधल्या एका काटेरी झाडाचं नाव. कानुदोसची लढाई १८९७ मध्ये संपल्यावर परतलेले सैनिक रिओ दि जानेरोच्या एका टेकडीवर झोपड्या घालून राहिले आणि लढाईच्या मुलखातल्या फावेला टेकडीचं नाव तिला पडलं. पुढे शहरातल्या प्रत्येक गरीब वस्तीला तोच शब्द लागला. झाडाचं नाव आता कुणाला आठवत नाही.

सरकारी 'घरकुल' आणि झोपडी यांचा काही संबंध?

शब्दाचा नाही, पण व्यवहाराचा आहे. घरकुल म्हणजे लहानसं घर. पोरांनी खेळात मांडलेलं घर हाही त्याचा अर्थ. प्रधानमंत्री आवास योजना, रमाई आवास योजना, शबरी आदिवासी घरकुल योजना यांमुळे तो आता खेड्यांत मंजुरीचा शब्द झाला आहे : 'आमचं घरकुल बसलं', 'दुसरा हप्ता अडकलाय'. बऱ्याच ठिकाणी घरकुलाच्या शेजारी जुनी कुडाची झोपडी तशीच उभी ठेवतात, कारण पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली उन्हाळ्यात दुपारी बसवत नाही. चूलही तिथेच राहते.

लिहिताना कोणता शब्द वापरावा?

त्या माणसांचा. ऊसतोडीबद्दल लिहिताना कोपी, भटक्यांबद्दल लिहिताना पाल, शेतातल्या राखणदाराबद्दल लिहिताना खोप. शब्द वाचकाला अडेल असं वाटलं तर पहिल्यांदा अर्ध्या ओळीत अर्थ सांगावा आणि पुढे तोच चालवावा. शहरातल्या वस्तीबद्दल लिहिताना कायद्याचा संदर्भ असेल तेव्हा झोपडपट्टी. एरवी वस्तीचं नाव घ्यावं, तिला नाव असतंच.

आमच्या भागात वेगळाच शब्द आहे, तो कोशात सापडत नाही. काय करावं?

आधी घरातल्या किंवा गावातल्या वयस्क माणसांना विचारा, आणि नुसता अर्थ विचारू नका. ते घर कोण घालायचं, वर काय असायचं, दार कुठल्या बाजूला, आत उभं राहता यायचं का, वर्षातले किती महिने तिथे राहायचे, मोडल्यावर लाकडाचं काय करायचे, हे विचारा. शब्दाचं लिंग आणि अनेकवचन ऐकून लिहून घ्या, कारण ते अंदाजानं लिहिलं तर हटकून चुकतं. त्याबरोबर येणारं क्रियापदही टिपा : घालणं, टाकणं, ठोकणं, उभारणं. शेवटी तो शब्द असलेली दोन-तीन वाक्यं जशी बोलली तशीच उतरवा, प्रमाण मराठीत न बदलता, आणि खाली गावाचं व तालुक्याचं नाव घाला.